पॅकेटांची वहिवाट

कोकणात कुणाच्या घरी पहिल्यांदाच जात असाल तर पूर्ण पत्ता एका माणसाकडून कधीच मिळत नाही. एस्टीच्या थांब्यावरचा म्हणतो, "असेच खाली जा, पिंपळापाशी विचारा." पिंपळापाशी बसलेला सांगतो, "वहाळ ओलांडा, मग डावीकडे, पुढे कुणीतरी भेटेलच." प्रत्येकाला फक्त पुढचं वळण माहीत असतं (किंवा तो तेवढंच सांगतो), आणि तरी माणूस बरोब्बर पोचतो. वायरलेस मेश नेटवर्कमध्ये 'बॅटमॅन' नावाचा एक प्रोटोकॉल आहे, तो अगदी असाच चालतो. नाव ऐकून हसू नका, खरंच तेच नाव आहे.

बर्लिनमध्ये फ्रायफुंक नावाची मंडळी आहेत. एकमेकांच्या छपरांवर राउटर टांगून स्वतःचं नेटवर्क उभारायचं, हा त्यांचा उद्योग. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत हे सुरू झालं, त्याचं एक कारण मोठं गमतीचं आहे. जर्मनीच्या एकीकरणानंतर पूर्व बर्लिनच्या काही भागात टेलिफोनसाठी नवीकोरी फायबर टाकली गेली, आणि पुढे डीएसएल आलं तेव्हा ते तांब्याच्या तारेवरच चालत असल्याने नेमक्या याच लोकांना मिळेना! मग लोक छपरावर चढले. सुरुवातीला ते ओएलएसआर हा प्रोटोकॉल वापरत. त्यात प्रत्येक राउटरला सगळ्या नेटवर्कचा नकाशा डोक्यात ठेवावा लागतो. नेटवर्क शेकडो राउटरांचं झालं तसा त्या बिचाऱ्या स्वस्तातल्या डब्यांचा जीव मेटाकुटीला आला. त्यातून 'बॅटमॅन' जन्मला. नकाशा नाहीच, अमक्याकडे जायचं तर पुढचा शेजारी कोण एवढंच लक्षात ठेवायचं. २०११ मध्ये तो लिनक्सच्या कर्नलमध्येही गेला.

हे सगळं मी हौस म्हणून वाचलं होतं. उपयोग पडला तो २०२५च्या फेब्रुवारीत, आजी अंगणात पडून तिचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा.

आजी ८४ वर्षांची. ऑपरेशन झालं, घरी आणलं, पण तिला उठवायला-बसवायला दोन माणसं लागायची. घरात आई आणि बाबा, आणि बाबांची स्वतःचीच कंबर धरलेली. माझी नोकरी पुण्यात. मॅनेजर चांगला माणूस आहे, म्हणाला, "तीन-चार महिने गावाहून कर, माझी हरकत नाही. पण रोज रात्री साडेआठचा क्लायंट कॉल आहे, तो तुटता कामा नये." आणि आमच्या घरी मोबाईलला रेंज म्हणजे मागच्या सड्यावर, पाण्याच्या टाकीला टेकून उभं राहिलं तर एक कांडी. २०२० साली वाडीतली पोरं ऑनलाइन शाळेसाठी तिथेच कातळावर छत्र्या घेऊन बसायची.

फायबर गावात आलेली आहे, पण ती खालच्या रस्त्यापर्यंत. आमची वाडी चढावर, अकरा घरांची. केबलवाल्याला विचारलं, वर का नाही आणत? तो म्हणाला, "खांब कुठून न्यायचे ते तुम्ही ठरवून द्या, मी उद्या आणतो." आणि तिथेच गाडी अडली. कारण खांब यायचे म्हणजे पाणंदीतून, आणि पाणंद २००९ पासून बंद आहे.

कोकणातल्या वाचकांना हे समजावून सांगायची गरज नाही, तरी इतरांसाठी थोडक्यात सांगतो. आमचं घर वरचं, बाबांच्या चुलत भावाचं घर मधलं. रस्त्याकडे जाणारी पाणंद त्यांच्या कुंपणाला लागून जाते. पाणंद सामाईक की त्यांच्या मालकीची, यावर दोन घरांत दोन वेगवेगळ्या बखरी आहेत. २००९ मध्ये तिथे चिऱ्यांचा गडगा उभा राहिला. मग मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६, कलम ५, वहिवाटीचा रस्ता अडवल्याचा दावा. तिथून प्रांत, तिथून दिवाणी कोर्ट. तेव्हापासून आम्ही वळसा घालून रस्त्याला जातो, आणि दोन्ही घरं एकमेकांशी लग्नाकार्यापुरतंही बोलत नाहीत. मी तेव्हा शाळेत होतो. काकांच्या ओटीवर पत्ते खेळल्याचं मला आठवतं, पण त्यानंतर पायरी चढलेलो नव्हतो.

तर वायर नाही, म्हणून वायरलेस. हवेचा सातबारा नसतो! रस्त्यालगत आमच्या चुलत आत्याचं घर आहे, तिथे फायबरचं कनेक्शन घ्यायचं, छपरावर एक अँटेना, आमच्या छपरावर दुसरी. सरळ रेषेत अंतर ४८० मीटर. पाच गिगाहर्ट्झचा पट्टा २०१८ पासून आपल्याकडे घराबाहेरही विनापरवाना वापरता येतो, ताकदीची मर्यादा पाळली की झालं. (कनेक्शन इतरांशी वाटून घ्यायला चालेल का, हे केबलवाल्याला आधी विचारून घेतलं आणि त्याच्या सांगण्यावरून थोडा महागडा प्लॅन घेतला. तुम्हीही विचारा, बहुतेक घरगुती प्लॅनांच्या अटींत ते बसत नाही.) मोकळ्या हवेत एवढ्या अंतरावर सिग्नल उणे ५५ डीबीएमच्या आसपास यायला हवा. आला उणे ८३. मध्ये माड-पोफळीची दाट बाग आहे ना! आकडा उणे असला की शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. ८३ आणि ५५ मधला फरक २८ डेसिबल, म्हणजे ताकद सहाशे पटींहून कमी.

दुर्बीण घेऊन कौलांवर चढलो आणि चारी बाजूंना बघितलं. आमचं छप्पर आणि आत्याचं छप्पर, दोन्ही एका ठिकाणाहून स्वच्छ दिसतील असं घर वाडीत एकच. ओळखलंत तुम्ही. हवेचा सातबारा नसतो, पण छपराची घरपट्टी असते, आणि ती काकांच्या नावावर होती.

बाबा म्हणाले, "त्यांच्या दारात जायचं नाही." आई काही बोलली नाही, पण आतून आजीचं कण्हणं ऐकू येत होतं. मी दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो.

काकांनी ओटीवर बसवलं, पाणी दिलं. मी वहीत आकृती काढून सांगितलं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "म्हणजे तुमचं नेट आमच्यातनं जाणार?"

"हो काका. आणि तुम्हालाही मिळणार, त्याच डब्यातून."

"आमच्यातनं जाणार." त्यांनी पुन्हा तेच म्हटलं. शब्द कुठला जड आहे ते मला कळत होतं.

फ्रायफुंकवाल्यांचा आणि त्यांच्यासारख्या इतरांचा एक करार आहे, पिको पिअरिंग अग्रीमेंट नावाचा. छोटासाच आहे. त्यातलं पहिलं तत्त्व असं, की माझ्या राउटरवरून दुसऱ्याचा डेटा जाणार असेल तर मी तो अडवणार नाही, त्यात ढवळाढवळ करणार नाही, आणि त्याचे पैसे मागणार नाही. कोकणी माणसाला मराठीत सांगायचं तर ही वहिवाटच आहे. स्पेनमध्ये कॅटलोनियात २००४ साली 'गुइफी' सुरू झालं तेही शेतकरी भागातच, कंपन्या ब्रॉडबँड द्यायला येईनात म्हणून. त्यांच्याकडेही प्रत्येक सभासदाला असंच कबूल करावं लागतं. हे सगळं तांत्रिक करारात लिहिणं सोपं आहे हो. ओटीवर बसून मागणं अवघड आहे, कारण मी काकांकडे हवेतली तीच गोष्ट मागत होतो जी जमिनीवर सोळा वर्षं कोर्टात होती.

काकांनी दोन प्रश्न विचारले, दोन्ही रास्त. पहिला, वीज कुणाच्या मीटरवर? दहा वॅटचा हिशेब धरला तर दिवसाला पाव युनिट, महिन्याला सात-साडेसात. ते पैसे आम्ही देऊ म्हटलं. दुसरा, आम्ही काय बघतो ते तुम्हाला दिसणार का, आणि तुमचं आम्हाला? मी सांगितलं, की छपरांमधला दुवा एन्क्रिप्टेड आहे, बँक-बिंक सगळं त्याच्या आत पुन्हा एन्क्रिप्टेड असतं, माझं ऑफिस तर व्हीपीएनमधून. कोणत्या साइटवर गेलात एवढं मात्र ज्याच्या हातात राउटर आहे त्याला जमवलं तर कळू शकतं, आणि राउटर माझ्या हातात आहे, तेव्हा माझ्या शब्दावर भरवसा ठेवावा लागेल. हे खोटं सांगण्यात अर्थ नव्हता.

काका विचार करून सांगतो म्हणाले. निर्णय आतून आला. काकूंची मुलगी दोह्याला असते, नातू दीड वर्षाचा झाला, आणि काकूंनी त्याला फक्त थांबून थांबून चालणाऱ्या व्हिडिओत पाहिलेलं. काकू दारात येऊन म्हणाल्या, "लाव रे तू डबा. कुठे लावायचा तो सांग, शिडी मागच्या पडवीत आहे."

एकच डबा, अशी काकांची अट. त्यामुळे त्यांच्या कौलांवर चहूबाजूंना फेकणारी ओम्नी अँटेना बसवली, आत्याकडे आणि आमच्याकडे एका दिशेची. तिन्ही एकाच चॅनेलवर. याची किंमत मोजावी लागते. एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं, त्यामुळे मधला डबा एकतर ऐकतो नाहीतर बोलतो, दोन्ही एकदम नाही. प्रत्येक पॅकेट हवेतून दोनदा जातं, वेग निम्मा. काकांकडे ७० एमबीपीएस मिळत होते, आमच्याकडे तीसच्या आसपास. मला पुष्कळ झाले.

दुसऱ्याच आठवड्यात पहिली भानगड. अर्ध्या वाडीचे फोन 'कनेक्टेड' दाखवत पण नेट नाही. (तोपर्यंत आणखी चार घरं जोडली गेली होती, बातमी पसरायला वाडीत वायफाय लागत नाही.) एका घरी जाऊन फोनला मिळालेला पत्ता बघितला तर तो आमच्या नेटवर्कचा नव्हताच. कुणीतरी जुना राउटर घरात आणून जोडला होता, आणि तोही येईल त्याला पत्ते वाटत बसला होता. एका गावात दोन तलाठी! ज्याने आधी दाखला दिला तो खरा. त्या राउटरची पत्ते वाटण्याची सोय बंद केली, विषय संपला.

दुसरी भानगड मात्र झोप उडवणारी. दिवसभर सगळं उत्तम, पिंग पाच-सहा मिलिसेकंद. संध्याकाळी सातनंतर मध्येच पिंग तीनशेच्या वर, मग पाकिटं गायब, मग पुन्हा ठीक. आणि साडेआठला कॉल! लोकांना पहिला संशय वीज, दुसरा 'सगळे एकदम बघतात'. वीज तपासली, सगळ्यांना तासभर बंद करायला लावून पाहिलं. काही नाही. तीन दिवस मी सड्यावर टाकीला टेकून कॉल घेतला.

चौथ्या संध्याकाळी बाबांचा फोन वाजला. काकांचा होता. २००९ नंतरचा बहुधा पहिलाच. बाबा नुसतं "हं... हं..." करत होते. मग फोन ठेवून मला म्हणाले, "तो म्हणतोय, डब्याचा दिवा एरवी लपलप करतो, आता नुसता मिणमिणतोय. आमच्यातनं तुमचं काही जात नाहीसं दिसतंय, म्हणे."

काका रोज संध्याकाळी अंगणात बसून तो दिवा बघत असणार! पण निरीक्षण पक्कं होतं. मी लगेच 'बॅटमॅन'चं कोष्टक उघडलं. आमचं छप्पर काकांना वगळून थेट आत्याच्या छपराशी बोलत होतं, बागेतून, त्या उणे ८३ वाल्या वाटेने.

हे का होतं ते नीट सांगतो, कारण मेश लावणाऱ्या पुष्कळ जणांना हा त्रास होतो. 'बॅटमॅन'चा आजही सर्रास वापरला जाणारा चौथा अवतार वाटेचा दर्जा ठरवतो तो छोट्या हाकांवरून. प्रत्येक डबा ठरावीक वेळाने "मी इथे आहे" अशी हाक मारतो, आणि किती हाका पोचल्या यावर वाट चांगली की वाईट ते ठरतं. पण या हाका चिमुकल्या असतात आणि सर्वांत सावकाश, सर्वांत चिवट वेगाने पाठवल्या जातात. उणे ८३ वरही त्या पोचतात. खरा डेटा पोचत नाही. वाऱ्यात माडाच्या झावळ्या हलत तेव्हा हाकाही गळत, आणि नेटवर्क निमूट काकांकडून जाई. संध्याकाळी वारा पडला की बागेतून हाका पोचायला लागत, मध्ये एक घर कमी म्हणून तीच वाट सरस ठरे, आणि सगळी वाहतूक तिकडे वळून खड्ड्यात पडे. हाक ऐकू येणं आणि पोतं वाहून नेता येणं यातला फरक त्याला कळत नाही. (पाचवा अवतार वेगाचा अंदाज घेतो, पण आमच्या डब्यांवर तो मला भरवशाचा वाटला नाही.)

उपाय एका ओळीचा. मेशच्या सेटिंगमध्ये एक उंबरठा देता येतो, त्याहून क्षीण सिग्नल असलेल्या शेजाऱ्याशी सोयरीक जोडायचीच नाही. तो उणे ७५ ला ठेवला. दोन मिनिटांत काकांचा दिवा लपलपायला लागला असणार, कारण बाबांचा फोन पुन्हा वाजला.

पाऊस सुरू झाला आणि सगळे म्हणाले, आता गेलं तुमचं नेट. पाऊस सिग्नल खातो, हा समज फार पक्का आहे. डिश टीव्हीची फ्रिक्वेन्सी कितीतरी जास्त असते आणि वाट लांब, म्हणून तिथे ते खरं आहे. पाच गिगाहर्ट्झवर तीनशे मीटरच्या वाटेत मुसळधार पावसानेही अर्धा डेसिबल जात नाही. तरीही जूनच्या पहिल्या आठवड्यात आत्या ते काका हा दुवा उणे ५८ वरून ७१ वर घसरला. गंमत म्हणजे पाऊस थांबल्यावरही तसाच राहिला, आणि ऊन पडलं की दुपारी आपोआप सुधारला. काका ते आमचं घर हा दुवा मात्र ठणठणीत. म्हणजे काकांचा डबा निर्दोष, दोष वाटेत. नजरेची रेषा मोकळी असून भागत नाही, लहरींना त्या रेषेभोवती काकडीसारखी, मध्यावर फुगलेली जागा लागते. ३१० मीटरला मध्यावर तिची त्रिज्या साधारण दोन मीटर, त्यातला साठ टक्के भाग तरी मोकळा हवा. त्या फुगवट्यात काकांच्या हापूसच्या कलमाचा शेंडा येत होता. कोरडी पानं चालत होती, ओली पानं पाण्याचा पडदा झाली. कलमाला हात लावायचा विषय मी काढलाच नाही. आत्याकडचा पाइप दीड मीटर उंच केला, भर पावसात उणे ६१.

जूनअखेरीला मात्र दोन्ही दुवे एकदम बारा डेसिबलने पडले आणि उन्हातही वर येईनात. दोन्ही एकदम म्हणजे दोष मधल्या डब्यात. तालुक्याहून आलेल्या वायरमनने ओम्नीच्या कनेक्टरला साधी काळी इन्सुलेशन टेप गुंडाळली होती, आत पाणी शिरलेलं. तिथे ताणली की स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप लागते, खालून वर गुंडाळायची, कौलं रचतात तशी. केबललाही डब्यात शिरण्याआधी खाली एक झोका द्यायचा, म्हणजे पाणी तिथूनच टपकतं.

जूनमध्ये मंगलोरी कौलांवर चढणं म्हणजे शेवाळावर स्केटिंग. शिडी धरायला दोन माणसं हवीत. काका होतेच. बाबा छत्री घेऊन वळशाच्या वाटेने वीस मिनिटं चालत आले. दोघं शिडीच्या दोन बाजूंना उभे, मी वर. खालून ऐकू येत होतं. काका म्हणाले, "वहिनींचं कसं आहे?" "काठी घेऊन न्हाणीघरापर्यंत जाते आता," बाबा म्हणाले. "आईचं विचारतोय मी नव्हे." "तिचंच सांगतोय. वहिनी बरी आहे." मग पाऊस वाढला आणि मला नीट ऐकू आलं नाही.

गडगा आहे तिथेच आहे. दाव्याला पुढची तारीख पडली आहे आणि बाबा जाणार आहेत, काकाही. आजी आता अंगणापर्यंत जाते. मी ऑगस्टमध्ये पुण्याला परत आलो, डबे इथूनच बघतो. गेल्या शनिवारी काकांचा फोन आला, दिवा मिणमिणतोय म्हणून. लॉग बघितला तर मुंग्यांनी अ‍ॅडॉप्टरच्या खोक्यात घर केल्यासारखी लक्षणं आहेत, दर काही मिनिटांनी डबा बंद होऊन पुन्हा चालू होतोय. काकांना खोकं उघडून बघायला सांगितलंय. पेचकस त्यांच्याकडे नव्हता, तो बाबा नेऊन देणार आहेत.